बदकं आणि बटाटे

संगणकीकृत शिलाई मशीन घेताना माणूस टाके मोजतो. साठ टाक्यांचं चांगलं, तर दोनशे टाक्यांचं त्याहून चांगलं; थाळीतल्या वाट्या मोजून स्वयंपाकाची पारख करावी, तसला हा हिशेब. माझं म्हणणं असं की त्या दोनशेंत मुळात दोनच गोष्टी असतात : सुई डावी-उजवीकडे किती सरकते आणि खालचे दाते कापड मागे-पुढे किती ढकलतात. सुई जागची हलली नाही आणि लांबी अडीच मिलिमीटरच्या आसपास ठेवली की झाली सरळ टीप. सुई झुलू लागली की झिगझॅग. त्याच झिगझॅगची लांबी अर्ध्या मिलिमीटरच्या आत आणली की भरीव सॅटिन टाका. आणि त्याची रुंदी टाक्यागणिक कमी-जास्त करत गेलं की पान, बदाम, बदक. पूर्वी हे आकार लोखंडी चकत्यांच्या कडांवर कोरलेले असत. १९७५मध्ये सिंगरच्या ‘अथेना २०००’ या घरगुती मशीननं ते काम इलेक्ट्रॉनिक्सकडे सोपवलं. पुढे नवा टाका म्हणजे नुसती आकड्यांची यादी झाली. चकती घडवायला पैसे पडतात, यादी वाढवायला फारसे नाही. बदकांची पैदास एवढी का वाढली, ते यावरून कळावं.

यावर कुणी म्हणेल, यादी कसलीही असो. लांबी-रुंदी मशीनच ठरवतं ना? ठरवतं की. पण कापडाला हात न लावता ठरवतं, आणि साड्यांच्या दुकानात असं कुणी केलं तर त्याला आपण उठवून लावू. त्याचे तयार आकडे साध्या, मध्यम जाडीच्या सुती कापडाला बरे बसतात. टी-शर्टच्या गळ्याला तीच सरळ टीप मारा : डोकं आत गेलं की टीप कट्‌कन तुटते, कारण कापड ताणतं आणि दोरा ताणत नाही. तिथे पुढे-मागे करत जाणारा स्ट्रेच टाकाच हवा. जॉर्जेटवर रुंद झिगझॅग घातला तर कापड मधोमध गोळा होऊन बोगदा उभा राहतो. रुंदी कमी करावी, वरचा दोरा थोडा सैल करावा, खाली पातळ कागद ठेवावा. आणि जाड कापडावर दाते पुढे ढकलतात तेवढंच मागे आणतील याची खात्री नाही, त्यामुळे स्क्रीनवरचं डौलदार बदक कापडावर बटाटा होऊन उतरतं, चोच शेजारच्या बटाट्यात. म्हणून आधी त्याच कापडाच्या चिंधीवर, तेवढेच थर घेऊन टाका पाहायचा. दोनशे टाके देणारं मशीन चिंधी मात्र देत नाही.

मग पायमशीन काय वाईट होतं? काजं. कापड दाबणाऱ्या फुटाच्या मागच्या खोबणीत बटण अडकवलं की मशीन त्याच मापाचं काज घालतं, आणि शर्टाची सहाही काजं एकसारखी येतात. एवढ्यासाठी मी संगणकाला हात जोडायला तयार आहे. पण काही मशीनवर दोऱ्याचं टेन्शनही आपोआप जुळतं म्हणतात, तिथे मी हात सोडवून घेतो. कारण फूट खाली असताना दोरा ओवला तर टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्यात शिरतच नाही. वरून टीप देखणी दिसते, गुंता कापडाखाली माजतो. चूक वरच्याची आणि बोलणी खालच्याला, हा कचेरीतला रिवाज इथेही चालतो : बॉबीन काढली जाते, झटकली जाते, शेवटी बदललीही जाते. स्क्रीनवर तोवर बदकं ओळीनं पोहत असतात.