सुटे आहेत का?

डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळणारं कुठलंही टोळकं घ्या, त्यात एक पोतदार असतोच. हे आडनाव नव्हे, हुद्दा. मराठेशाहीत नाणं खरं की खोटं हे पारखणाऱ्याला पोतदार म्हणत. आमच्या टेबलावर ते काम तो बिनपगारी करतो. त्याला कोणी नेमलेलं नाही. काढून टाकायचे सगळे प्रयत्न मात्र फसलेले आहेत.

खेळ तसा साधा. कागद, पेन्सिल, वीस बाजूंचा फासा आणि भरपूर बडबड. एकजण गोष्ट चालवतो, त्याला डीएम म्हणतात. आमच्यात ती हमाली माझ्याकडे. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. मी सांगतो, ‘‘अंधारातून एक ऑर्क समोर आला.’’ योद्धा तलवार उपसतो, जादूगार मंत्र शोधत पानं उलटतो, चोर खांबामागे सरकतो. पोतदार विचारतो, ‘‘त्याच्या कमरेला थैली आहे का?’’ ऑर्क मेल्यावर नाही. आधीच.

त्याच्यापुढे चौकडीची वही असते. पानाच्या डोक्यावर ‘श्री’, मधोमध उभी रेघ, डावीकडे जमा, उजवीकडे नावे. मी ती एकदा त्याच्या नकळत चाळली. ‘दोर ५० फूट, १ गोल्ड. मशाली १०, १ सिल्व्हर. गॉब्लिनास लाच, ३ सिल्व्हर (पावती नाही). देवळात ठेवले, १ कॉपर.’ हाच माणूस खेळात पुण्यशील धर्मयोद्धा आहे, दीनदुबळ्यांसाठी प्राण द्यायची त्याने शपथ घेतलेली आहे. प्राण आणि कॉपर ही दोन वेगळी खाती असावीत.

इतरांच्या कागदावर काय असतं? चोराच्या कागदावर ‘गोल्ड’ या रकान्यापुढे ‘भरपूर’ एवढंच लिहिलंय. जादूगाराने एक आकडा लिहून त्याभोवती गोल काढलाय, त्या गोलात पुढे कधीही काही बदललं नाही. आणि खरं सांगायचं तर नव्वद टक्के टेबलं अशीच चालतात. लोक आठवडाभर हप्ते, भाडी आणि टॅक्स यांच्याशी झुंजून रविवारी ड्रॅगन मारायला येतात. तिथेही खतावणी कोणाला हवी?

पोतदाराला हवी.

त्याचं खरं रूप दिसलं ते ड्रॅगन मेल्यावर. सगळे उभे राहून ओरडत होते, आणि मी जाहीर केलं, ‘‘गुहेत बेचाळीस हजार सोन्याची नाणी आहेत.’’ आणखी आरडाओरडा. मग वही उघडल्याचा आवाज.

‘‘वजन?’’ पोतदार म्हणाला.

‘‘जाऊ दे ना यार,’’ चोर म्हणाला.

‘‘पाचव्या आवृत्तीत पन्नास नाण्यांचा एक पौंड. आठशे चाळीस पौंड झाले. तीनशे एक्याऐंशी किलो. कोण उचलणार?’’

नियम असा की आपली ताकद गुणिले पंधरा, इतके पौंड माणूस वाहू शकतो. जादूगाराची ताकद आठ, म्हणजे एकशेवीस पौंड. ‘‘सहा हजार नाणी,’’ पोतदार म्हणाला, ‘‘तीसुद्धा मंत्रांची पोथी, अंथरूण आणि शिधा इथेच टाकलास तर.’’ योद्धा दोनशे सत्तर पौंड उचलतो, पण त्यातले पासष्ट त्याच्या अंगावरच्या चिलखताचेच.

‘‘चिलखत काढ.’’

‘‘अरे, वाटेत ड्रॅगनची आई आली तर?’’

‘‘तर नाणी टाकून पळायचं. म्हणून आधी ठरवून ठेवू, कोणाची टाकायची.’’

शेवटी जादूगाराला बॅग ऑफ होल्डिंग आठवली. ही जादूची पिशवी, आत पाचशे पौंड मावतात, बाहेरून वजन पंधराच. खेळ बनवणाऱ्यांनी खेळाडूंवर दया येऊन ठेवलेली पळवाट, असं माझं मत. पोतदाराने तिच्याकडे सोवळ्यातल्या माणसाने वडापावकडे बघावं तसं बघितलं आणि पेन्सिल उचलली. ‘‘पंचवीस हजार मावली. राहिली सतरा हजार. खेचर भाड्याने मिळेल का?’’

आता त्याची बाजू मांडायलाच हवी, कारण तो स्वतः ती इतकी लांबवतो की कोणी ऐकत नाही. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ काढला, तेव्हा नाण्यांचं वजन ही कटकट नव्हतीच, तो खेळाचा गाभा होता. गुहेतून सुखरूप बाहेर आणलेल्या सोन्याच्या प्रत्येक नाण्यामागे अनुभवाचा एक गुण मिळायचा. राक्षस मारून त्या मानाने फुटकळ गुण. आणि नाणी केवढी! दहांचा एक पौंड. म्हणजे एकेक नाणं पंचेचाळीस ग्रॅमचं, जिथे आपला शिवकालीन होन तीन ग्रॅमच्या आतबाहेरचा. त्या हिशेबाने आमचं घबाड एकोणीसशे किलोंच्या घरात गेलं असतं. तेव्हा मशाल टाकायची की सोनं, दोर ठेवायचा की चांदी, असा जीव टांगणीला लावणारा प्रश्न दर वळणावर पडायचा. पुढच्या आवृत्त्यांत सोन्याचे गुण मागे पडले आणि वजन तेवढं उरलं. कारण गेलं, कारकुनी राहिली. तेव्हा सगळ्या जगाने ती सोडून दिली यात जगाचं फारसं चुकलं नाही. पोतदाराला हे कळत नाही असं नाही. तो फक्त सोडत नाही.

घबाड गावात आणल्यावर दुसरं प्रकरण. खाणावळीत एका रात्रीचे पाच सिल्व्हर. चोराने ऐटीत सोन्याचं नाणं टेबलावर टाकलं आणि ‘बाकीचे ठेव’ म्हणणार, एवढ्यात पोतदार मला म्हणाला, ‘‘त्या बाईकडे सुटे आहेत का?’’ मग त्याने सगळ्यांना बसवून गणित सांगितलं. या पुस्तकाप्रमाणे साध्या मजुराची रोजंदारी दोन सिल्व्हर, कोंबडी दोन कॉपरला. आमच्याकडे होती ती एका मजुराची पावणेसहाशे वर्षांची मजुरी, सुट्टी न घेता. किंवा एकवीस लाख कोंबड्या. ‘‘या गावात,’’ तो म्हणाला, ‘‘आपण हा पैसा ओतला तर उद्या कोंबडी एक गोल्डला जाईल. १३२४ साली मालीचा राजा मन्सा मुसा कैरोमध्ये इतकं सोनं वाटून गेला की तिथे सोन्याचा भाव पडला. तू भाव वाढव.’’ आपल्याच पैशाची किंमत कमी करा म्हणून हट्ट धरणारा दुसरा श्रीमंत मी पाहिलेला नाही.

किमतींच्या यादीत फट सापडली की मात्र हाच माणूस तत्त्व गुंडाळून ठेवतो. तिसऱ्या आवृत्तीत दहा फुटी शिडी पाच कॉपरला होती आणि दहा फुटी काठी दोन सिल्व्हरला, म्हणजे वीस कॉपरला. शिडीच्या पायऱ्या काढल्या की दोन काठ्या. पाचाचे चाळीस! ही गंमत खेळणाऱ्यांत जुनी आहे. पोतदाराने ती गंमत म्हणून घेतली नाही. जगाचा नाश जवळ आलेला असताना त्याने सुतार शोधला. पाचव्या आवृत्तीत शिडी दहा कॉपर, काठी पाच. दोन काठ्यांचे दहा. नफा शून्य, वर पायऱ्या सरपणाला. हे आपल्यासारख्यांना डोळ्यांपुढे ठेवूनच केलंय, अशी त्याची खात्री आहे.

घरी एकटा असताना तो संगणकावरचे खेळ खेळतो, म्हणजे त्यांचे लेखापरीक्षण करतो. स्कायरिममध्ये तलवारीला वजन, कोबीला वजन, आणि लाखभर नाण्यांना शून्य, यावर तो पावसाळाभर बोलू शकतो. दुकानदाराचा गल्ला मात्र तिथे रिकामा होतो, हे त्याला मनापासून आवडतं. ड्रॅगनची हाडं विकायला गेल्यावर ‘एवढे पैसे नाहीत’ असं ऐकून त्याला समाधान वाटतं. विचर ३ मध्ये नॉव्हिग्राड शहरात बुटक्यांची एक बँक आहे, तिथे परक्या राज्यांचे फ्लोरेन आणि ओरेन देऊन चालू क्राउन घ्यावे लागतात. लोक त्या खेळात राक्षस मारतात, प्रेमं करतात. पोतदार रांगेत उभा राहतो. टॉल्कीनच्या कादंबरीतला त्याचा सर्वांत आवडता प्रसंग अंगठीचा नाही, तट्टाचा आहे. ब्री गावात मरतुकड्या बिलचे बारा चांदीचे पेनी मोजले जातात, आणि ही किंमत निदान तिप्पट आहे असं लेखक स्पष्ट सांगतो. ‘‘याला म्हणतात लेखक,’’ पोतदार म्हणतो.

हॅरी पॉटरमधली नाणीही त्याला वंदनीय. सतरा सिकलचा एक गॅलियन, एकोणतीस नटांचा एक सिकल, गॅलियनला नट चारशे त्र्याण्णव. कशानेही धड भाग जात नाही. एकदा तो हे आपल्या आजीला कौतुकाने सांगत होता. आजी १९५७च्या एक एप्रिलला, नवे पैसे आले तेव्हा शाळेत होत्या. ‘‘अरे, रुपयाचे आणे सोळा, आण्याचे पैसे चार, पैशाच्या पै तीन,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करताना रडायचो आम्ही. सुटलो एकदाचे! आणि तू ते रविवारी हौसेने करतोस?’’ पोतदाराने वही काढून विचारलं, ‘‘म्हणजे रुपयाच्या पै एकशे ब्याण्णव ना?’’ आजी आत निघून गेल्या.

आता कोणाला वाटेल हा माणूस व्यवहारात चोख असेल. छे! त्याच्या खिशात नाणं मी पाहिलेलंच नाही. चहा, पेट्रोल, भाजी, सगळं फोन दाखवून. महिन्याचा पगार कुठून येतो आणि कुठे जातो हे त्याला बँकेच्या मेसेजवरून कळतं, तेही वाचलेच तर. टपरीवर सहा चहा आणि दोन क्रीमरोल झाले की म्हणतो, ‘‘तू दे, मी जीपे करतो,’’ आणि करत नाही. त्यात लबाडी नाही, खरोखर विसरतो. गॉब्लिनला दिलेले तीन सिल्व्हर त्याला तारखेनिशी पाठ आहेत. कधीकधी वाटतं, खऱ्या पैशाला आता ना वजन राहिलं ना आवाज, म्हणूनच हा इतक्या हट्टाने खोट्या पैशाचं वजन करत बसतो. हे त्याला बोलून दाखवलं नाही, कारण चहाचे पैसे अजून यायचेत.

उरलेल्या सतरा हजारांवर त्यानेच तोड काढली. डोंगरातल्या ड्वार्फ सावकाराच्या पेढीवर रक्कम ठेवायची आणि राजधानीत वटणारी हुंडी घ्यायची. पुस्तकात असलं काही नाही, मी म्हणालो. ‘‘पेशवाईत पुण्याहून काशीला रक्कम हुंडीने जायची,’’ तो म्हणाला. ‘‘तुझ्या ड्वार्फांना तेवढी अक्कल नाही का?’’ मग तासभर आम्ही दोघं हुंडणावळ ठरवत होतो. दर्शनी हुंडी की मुदती, मुदत किती दिवसांची, वाटेत हरवली तर काय. चोर फोन बघत होता. जादूगाराला डुलकी लागली. घाटात मी लुटारू आणले होते, ते तीन पानांची हुंडी वाचून हात हलवत परत गेले. त्यांच्यात साक्षर एकच होता आणि तोही म्हणाला, याचं आपण काय करणार.

मग मी ड्वार्फाची पेढी बुडवली.

सूड म्हणा. पण गंमत अशी झाली की त्या क्षणी टेबल जागं झालं. ‘‘म्हणजे आपले पैसे गेले?’’ चोर ताडकन उठला. ज्याच्या कागदावर ‘भरपूर’ होतं तो विचारायला लागला, भरपूरमधले नेमके किती. इतर ठेवीदार कोण? सावकाराने आधी कोणाची भागवली? तळघरात काय दडवलंय? जादूगाराने आयुष्यात पहिल्यांदा एक मंत्र जमाखर्चाची चोपडी वाचायला वापरला. राक्षसराजा उत्तरेकडे सैन्य जमवत होता, त्याची कोणाला शुद्ध नव्हती. त्या रविवारी रात्री साडेअकराला रुपयाला दहा आणे वसूल करून सगळे घरी गेले, आणि दुसऱ्या दिवशी चोराचा मेसेज आला, ‘‘ती वही कुठे मिळते रे?’’

राक्षसराजाशी गाठ पडली तेव्हा मी पाचशे ऑर्कांची फौज उभी केली होती. योद्ध्याने तलवार काढली. पोतदार म्हणाला, ‘‘यांचा पगार झालाय का?’’

मला बोलता येईना. पाचशे ऑर्कांना कोण काय देतं हे मी ठरवलंच नव्हतं. तो पुढे झाला. ‘‘१७६० साली फौजेचा खर्च भागवायला भाऊसाहेबांना दिल्लीच्या दिवाण-ई-खासचं चांदीचं छत काढून नाणी पाडावी लागली. हा राक्षस कुठून देतो?’’ मी नाइलाजाने कबूल केलं की तीन महिन्यांचा पगार थकलाय. पेन्सिल चालली. दिवसाला दोन सिल्व्हर, नव्वद दिवस, माणशी अठरा गोल्ड. नऊ हजारांत फौज फितूर. पिशवीत होते.

ऑर्कांचा सरदार पुढे आला, एक नाणं दाताखाली धरलं, उजेडात फिरवलं आणि मी त्याच्या तोंडून म्हणालो, ‘‘ही जुन्या राजाची नाणी. आमच्याकडे चालायला बट्टा पडेल. शेकडा बारा.’’

पोतदाराच्या चेहऱ्यावर असा आनंद मी ड्रॅगन मेला तेव्हाही पाहिला नव्हता. त्याने खुर्ची पुढे ओढली. ‘‘बारा? अरे, कसाला लावून बघ. चारच्या वर एक कॉपर देणार नाही.’’ योद्ध्याने तलवार म्यान केली. बाकीचे पिझ्झा मागवायला उठले. पाऊण तासाने आठावर सौदा पटला, वर सातशे वीस मोजून दिले, आणि पोतदार मला म्हणाला, ‘‘पिझ्झ्याचे तू देऊन टाक, मी करतो तुला.’’