चिमटा आणि कायदा

सोलच्या गंगनम भागातल्या भारी बार्बेक्यूत पैसे जास्त मोजले की कष्ट कमी पडतात. साध्या ठिकाणी गिऱ्हाईक स्वतःच चिमटा धरतं, कात्रीने मांस कापतं, धुराने डोळे चोळतं. इथे शेगडीपाशी सेविका उभी असते आणि श्रीमंताला फक्त तोंड उघडायचं काम उरतं.

मांस 'हानवू'चं, म्हणजे अस्सल कोरियन गुरांचं. त्याची सरकारी प्रतवारी तीनपासून दोन, एक, एक अधिक अशी चढत 'एक अधिक अधिक'पर्यंत पोचते. चरबीची जाळी जितकी दाट तितकी प्रत वरची. (माणसांची प्रतवारी डॉक्टर नेमकी उलटी करतात, पण डॉक्टरांना इथे कोण विचारतो?)

अशा या सुखात २८ सप्टेंबर २०१६ रोजी एक कायदा येऊन बसला. किम यंग-रान या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश. पुढे भ्रष्टाचारविरोधी आयोगाच्या प्रमुख असताना त्यांनी हा कायदा सुचवला. त्याच्या कचाट्यात सरकारी अधिकारी, शिक्षक आणि, अरे देवा, पत्रकारसुद्धा! कामाचा संबंध असलेल्या माणसाने यांना जेवू घालायचं तर माणशी ३०,००० वॉनपर्यंतच. त्यापुढचा घास लाचेचा. ज्या टेबलावर मांसाचा भाव ग्रॅमवर सांगतात, तिथे आता सचोटीही ग्रॅमवर मोजायची वेळ आली.

हॉटेलवाले गडबडले, पण धंदेवाईक माणूस किती दिवस रडणार? ३०,०००च्या आत बसणारी ताटं निघाली आणि त्यांना नाव पडलं 'किम यंग-रान मेनू'. ज्या बाईंनी फुकटच्या मेजवान्या मोडायला घेतल्या, त्यांच्याच नावाने मेजवानी! डुकराच्या मांसाचे दिवस पालटले ते वेगळंच. स्वस्तातलं सामग्योप्साल, म्हणजे डुकराच्या पोटाकडचं मांस, अचानक चारित्र्यवान ठरलं.

पण महागाईपुढे चारित्र्याचं काय चालतं? ऑगस्ट २०२४मध्ये मर्यादा ५०,००० वॉनवर गेली. जुलैत ४५,०००चं जेवलेला साहेब गुन्हेगार, सप्टेंबरात तेवढ्याच किमतीचं जेवलेला सज्जन. मधल्या काळात त्याच्या अंतःकरणात काही बदल झाल्याचं कळत नाही.

किमची आणि बाकीची तोंडीलावणी मात्र बहुतेक ठिकाणी फुकट, हवी तितकी वेळा. तेव्हा मांसाचे चारच तुकडे आणि किमचीच्या सहा वाट्या संपवून तृप्तीचा ढेकर देणारा गृहस्थ दिसला, तर नमस्कार करून ठेवावा. आपली फाइल बहुधा त्याच्याकडेच असते.