अस्सल रसिक

सरकारी दफ्तरात अजिंठ्याच्या प्रेक्षकांचे वर्ग दोनच, एतद्देशीय आणि परदेशीय. तिकिटाचा दर त्याच हिशेबाने ठरतो आणि खिडकीवरच्या कारकुनाला त्यापलीकडची जिज्ञासा नसते. परंतु परदेशीयांनी आपापसांत एक तिसरा वर्ग निर्माण केला आहे. त्याची सनद कोणत्याही खिडकीवर मिळत नाही. ती ज्याची त्याने स्वतःला बहाल करावयाची असते, आणि दुसऱ्या कोणी तिच्यावर हक्क सांगितला की सनदधारकाच्या मुद्रेवर खोटा रुपया हाती पडलेल्या सावकाराचा भाव उमटतो. हा अस्सल रसिक.

तो 'अजंता' म्हणत नाही. वाटेवर स्फटिक विकणारा फर्दापूरचा पोरगा, ज्याच्या खापरपणजोबापासून सारे घर अजिंठाच म्हणत आले आहे, केवळ गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी "अजंटा स्टोन, साहेब" असे पुकारतो. त्याला थांबवून हा साहेब 'ठ'चा धडा देतो, आणि तोही असा महाप्राण लावून की धडा संपल्यावर पोराने बाहीने तोंड पुसलेले मी स्वतः पाहिले आहे. तिठ्यावरून लेण्यांपर्यंतचे चार किलोमीटर बसने जाणे त्याला निषिद्ध. 1819 साली शिकारीस आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या गोऱ्या अंमलदाराला ही लेणी वाघोरा नदीच्या पलीकडच्या डोंगरावरून दिसली, सबब रसिकाने तिकडूनच उतरले पाहिजे. मग गुडघे काही म्हणोत.

गेल्या हिवाळ्यात पहिल्या लेण्याच्या दारात असे दोन सनदधारक एकमेकांसमोर उभे ठाकले. एक जर्मन गृहस्थ, नवव्या खेपेस आलेले. दुसऱ्या एक फ्रेंच बाई, प्रथमच आलेल्या पण फर्दापुरास महिनाभर मुक्काम ठोकून बसलेल्या. गृहस्थांनी पाली भाषेचा अभ्यास केला होता. बाईंचे म्हणणे, भाषा शिकला की डोळा मेला. बाईंच्या अंगात खादीचा कुडता होता. गृहस्थांना ते सोंग वाटले. ह्याच गृहस्थांनी पूर्वी क्योतो शहरी तीन वर्षे काढून चहा कसा प्यावा ह्याबद्दल खुद्द जपान्यांना दोष दिला होता, असे त्यांनीच मला अभिमानाने सांगितले. बाईंनी चित्रांची प्रतिकृती करणाऱ्यालाच खरा प्रेमी म्हणावे असा मुद्दा काढताच त्यांनी तो तुच्छतेने झटकला.

मला मात्र तो मुद्दा इतका हलका वाटला नाही, कारण ह्या भिंतींवर प्रेम करणे हा उभयपक्षी घातक व्यवहार आहे. त्या स्मिथनेच दहाव्या लेण्यात चित्रावर आपले नाव नि तारीख कोरून ठेवली, आणि राडारोड्याच्या ढिगावर उभा राहून कोरल्यामुळे, ढीग उपसल्यावर ती आज आपल्या डोक्याच्या वर दिसते. 1844 पासून मेजर गिलने येथे उमेदीची वर्षे घालून तैलचित्रे केली. त्यांतली बहुतेक सारी 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत भस्म झाली. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्ससाहेब 1872 मध्ये विद्यार्थी घेऊन आले. त्यांच्या बऱ्याच प्रतिकृती 1885 साली दुसऱ्या एका आगीत गेल्या. आराई काम्पो नामक जपानी चित्रकाराने 1917 च्या सुमारास ह्याच अंधारात बसून रेखाटने केली; ती 1923 च्या जपानमधील भूकंपाने गिळली. मूळ चित्रांचे म्हणावे, तर ग्रिफिथ्सच्या मंडळींनी ती उजळ दिसावीत म्हणून व्हार्निश चढवले, पुढे निजाम सरकारने आणलेल्या इटालियन कारागिरांनी जतनाकरिता लाखेचा लेप दिला, आणि तो काळवंडल्यावर पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांना वर्षानुवर्षे इंचाइंचाने खरवडत बसावे लागले. त्या मानाने 'अजंटा' म्हणून दहा मिनिटांत परतणारा प्रवासी चित्रांच्या दृष्टीने किती निरुपद्रवी! पण हे बोलून दाखवण्याची छाती मला झाली नाही.

इतक्यात जपानी यात्रेकरूंचा एक जथा आला. आला तोही बसने. त्यांतल्या एका वृद्ध बाईने पादत्राणे काढली, पद्मपाणीच्या चित्राकडे मानही न वळवता ती थेट गाभाऱ्यात गेली, बुद्धमूर्तीपुढे हात जोडून काही वेळ उभी राहिली, आणि बाहेर येऊन चपला घालू लागली. आमचे दोघे वादी क्षणभर थबकले. मग, सकाळपासून प्रथमच, त्यांचे एकमत झाले: ही रसिक नव्हे, नुसती भाविक.

कठड्याला डोली टेकवून दोन भोई बसले होते. त्यांतला वयस्क भोई विडी कानावर ठेवून मला हळूच म्हणाला, "मास्तर, सकाळधरनं बगतुया, ह्यांची सोयरीक जुळतीया का मोडतीया?"

मी उत्तर द्यायच्या आत पहारेकऱ्याची शिटी झाली. बंद करण्याची वेळ झाली होती, आणि दोघेही अजून आत गेले नव्हते.