दृष्टांत मढवून मिळेल

यवतमाळात फोटो मढवून देणाऱ्या आमच्या भाऊंकडे गिऱ्हाईक फोटो घ्यायला येत नाही, दृष्टांत घेऊन येतं. घाटंजीची एखादी मावशी म्हणते, "भाऊ, पहाटे महाराज सपनात आले." महाराज म्हणजे शेगावचे गजानन महाराज, हे इकडे सांगावं लागत नाही. भाऊ करवत खाली ठेवतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि ठाणेदाराच्या सुरात विचारतात, "बसले होते का उभे?"

"बसले."

"चिलीम?"

"हातात होती."

"मागं गोल वलय होतं का नुसता उजेड?"

मावशी घोटाळते. भाऊ गठ्ठ्यातून तीन चित्रं ओढून पुढ्यात टाकतात. मावशीचं बोट नेमकं सोनेरी वलयावर पडतं. सोनेरीचे पैसे जास्त, पण दृष्टांतात घासाघीस कशी करणार?

भाऊंचं ठाम मत असं की, छापील प्रतीहून वेगळा देव कोणाला दिसतच नाही. "काऊन दिसन? भिंतीवर जो हाय तोच येईन ना!" मला तरी यात खोट सापडत नाही. 1894 मध्ये राजा रविवर्म्यानं मुंबईत शिळाछापाचा छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वतीचे चेहरे घरोघर असे कायम झाले की स्वप्नांनाही पर्याय उरला नाही.

भाऊंना मी अवीलाच्या संत तेरेसाची गोष्ट सांगितली. काळजात बाण खुपसणारा देवदूत तिला दिसला होता. 1613 मध्ये अँटवर्पला कोलार्ट आणि गाले यांनी तिच्या चरित्राची 25 चित्रं तांब्याच्या पत्र्यांवर कोरून छापली, त्यांत हा प्रसंग आहे. देवदूत डाव्या बाजूला होता, अंगानं लहानखुरा होता, असं बाईंनी स्वतःच लिहून ठेवलेलं. भाऊ भारावले. "लेखी देत होती? असं गिऱ्हाईक पायजे!"

अशा चित्रात उजेडाला शाईच लागत नाही, रेषा थांबतात तिथला कोरा कागद म्हणजेच स्वर्गीय तेज, हे कळल्यावर मात्र ते गंभीर झाले. "म्हंजे तेजाचा खर्च शून्य," असं पुटपुटत त्यांनी काचेवर हाऽ करून ती रद्दी पेपरानं पुसली.

परवा पांढरकवड्याच्या एका पोरानं घोळ घातला. त्याच्या स्वप्नात महाराज खळखळून हसत होते. भाऊंनी गठ्ठा दोनदा उलथापालथा केला. तसा माल नव्हता.

"घरी जाय," भाऊ म्हणाले, "आन् आज रात्री नीट पाहून ये."