तुंबलं सिंक, आळ पंपावर

डिशवॉशरच्या तळाशी पाणी साचलेलं दिसलं की घरात पहिलं वाक्य उमटतं, ‘पंप गेला.’ दुरुस्तीला आलेला माणूसही पिशवी उघडण्याआधी तेच म्हणतो. ग्राहक जास्त घाबरलेला दिसला तर म्हणतो, ‘बोर्ड गेलाय.’ बोर्डाचं नाव निघालं की पुढे कोणी प्रश्न विचारत नाही आणि बिलाचा आकडा तिथेच ठरतो. खरं दुखणं असतं वीतभर अंतरावरच्या जाळीत: कढीपत्त्याची काडी, लिंबाची बी, लोणच्याच्या बरणीवरून सुटून लगदा झालेलं कागदी लेबल. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! पाणी न जाण्याच्या बहुतेक तक्रारींत यंत्र धडधाकट असतं, पाण्याची वाट अडलेली असते. ही वाट घरातल्या कोणालाही तपासता येते, आणि तरीही ती आपल्याला कोणी दाखवत नाही, याचा मला राग आहे.

जोसेफिन कॉक्रन या अमेरिकी बाईंनी १८८६मध्ये भांडी धुणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि १८९३च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते यंत्र लोकांसमोर मांडलं. घासणारे ब्रश न वापरता पाण्याच्या झोताने भांडी धुवायची, ही त्यांची कल्पना. आजचं घरगुती मशीनही त्याच कल्पनेवर चालतं. मग ताटावरून जे सुटेल ते पाण्यातच राहणार आणि पाण्याबरोबरच बाहेर जाणार. ते बाहेर गेलं नाही तर धुणं झालंच नाही. निचरा हा या यंत्राचा अर्धा जीव आहे, आणि दुकानातल्या प्रात्यक्षिकात त्याच्या वाट्याला एक मिनिटही येत नाही. ताटं कशी लावायची, कप कुठे ठेवायचे, कढई बसते की नाही, सगळं सांगतात. जाळी फिरवून बाहेर काढून दाखवणारा विक्रेता मला अजून भेटायचा आहे.

तेरा-चौदा जणांच्या भांड्यांचं नवं मशीन अख्ख्या प्रोग्राममध्ये साधारण १० लिटर पाणी वापरतं. तेही एकदम नाही. एका वेळी तीन-चार लिटर घ्यायचं, तेच गाळून पुन्हा पुन्हा वर फेकायचं, काढून टाकायचं, नवं भरायचं. फेकणारा पंप सहसा वेगळा आणि काढणारा वेगळा. काढणारा पंप लहानसा, जेमतेम ३० वॅटच्या आसपासचा. त्याला चार लिटर खरकटं पाणी उंच चढवून सिंकच्या नळीत ढकलायचं असतं. त्याने अर्धं पाणी मागे ठेवलं तर पुढचं स्वच्छ पाणी त्यातच मिसळतं. काचेच्या पेल्यांवर धुरकट पापुद्रा येतो, स्टीलच्या डब्यांना कुबट वास येतो, प्लॅस्टिकवर हळदीचा पिवळेपणा जास्तच चढतो. लोक साबणाची वडी बदलून पाहतात, महागडं मीठ आणतात. निचऱ्याकडे मात्र कोणी वळून पाहत नाही.

जाळीखालच्या खळग्यात वाटीभर स्वच्छ पाणी राहतं, ते राहायलाच हवं. त्याने रबरी सील ओलं राहतं. त्या वाटीभर पाण्यासाठी मेकॅनिक बोलावून भेटीची फी भरणारी माणसं आहेत आणि ती निमूटपणे घेणारे मेकॅनिकही आहेत. पाणी जाळीच्या वर आलं असेल, तवंग असेल, वास असेल, तर मात्र काहीतरी अडलंय.

आधी वीज बंद. प्लग काढा किंवा भिंतीवरचं बटण बंद करा, नुसतं मशीनचं बटण दाबून भागत नाही. खालचा ट्रे बाहेर घ्या. मधली गोल जाळी डावीकडे फिरवली की सुटते, तिच्याखालची पसरट जाळी नुसती उचलून निघते. दोन्ही नळाखाली धरून जुन्या दातघासणीने घासा. तारेची घासणी नको, बारीक जाळी फाटते आणि मग मोहरी थेट पंपात जाते. आपल्या स्वयंपाकाला हे काम युरोपातल्या घरांपेक्षा जास्त वेळा करावं लागतं हे उघड आहे. फोडणीची मोहरी, खोबऱ्याचा कीस, दाण्याचं कूट, माशाचे काटे, भाताची शितं, हे सगळं आपल्या ताटात रोज असतं. आठवड्यातून एकदा जाळी धुतली तर पुढचा सगळा लेख वाचायची गरज उरत नाही.

आणि ती धुणार कोण? २०२०च्या टाळेबंदीत घरकामाच्या मावशी येऊ शकत नव्हत्या तेव्हा शहरांत डिशवॉशरची मागणी एकदम उसळली. ‘आता भांड्यांचा प्रश्न मिटला’ म्हणत घराघरांत यंत्रं आली. मशीन भरायचं कसं यावर घरातले पुरुष हौसेने वाद घालतात, चमचे वर तोंड की खाली तोंड यावर मतं मांडतात. बुळबुळीत जाळीत बोटं घालायची वेळ आली की स्वयंपाकघर पुन्हा बाईचं होतं. यंत्र भरणाऱ्यानेच जाळी धुवावी. सरळ नियम आहे आणि तो पाळायला काही खर्च नाही.

जाळी स्वच्छ असूनही पाणी जात नसेल तर मशीन सोडा आणि सिंकखाली डोकवा. इथे मला बिल्डरांशी भांडायचं आहे. पुण्या-मुंबईच्या नव्या फ्लॅटांत वॉशिंग मशीनसाठी ड्राय बाल्कनी असते, ओट्याखाली वॉटर प्युरिफायरचा पॉइंट असतो, चिमणीसाठी भिंतीला भोक असतं. डिशवॉशरच्या सांडपाण्याचा पॉइंट मात्र क्वचितच असतो. मग मशीन जिथे मावेल तिथे बसतं आणि त्याचा पाइप जिथे पोचेल तिथे खुपसला जातो: कधी बाल्कनीतल्या नहाणी ट्रॅपमध्ये, कधी वॉशिंग मशीनच्या पाइपात, कधी जोडावर जोड देत थेट संडासाच्या भिंतीपर्यंत. पाइप जितका लांब तितका त्या छोट्या पंपावर भार जास्त. बहुतेक माहितीपुस्तिका सांडपाण्याची जोडणी जमिनीपासून साधारण ४० सेंटिमीटर ते एक मीटर उंचीवर करायला सांगतात. कंपनीगणिक आकडे थोडे बदलतात, पण जमिनीलगतच्या जाळीत टोक सोडा असं सहसा कोणी म्हणत नाही. त्याला कारण आहे. टोक मशीनमधल्या पाण्याच्या पातळीखाली गेलं की सायफन तयार होतो आणि भरलेलं पाणी आपसूक वाहून जातं. यंत्र पुन्हा भरतं, पुन्हा रिकामं होतं. ग्राहक म्हणतो पाणी येत नाही, मेकॅनिक म्हणतो इनलेट व्हॉल्व्ह बदला. दोष असतो पाइपाच्या उंचीत, आणि तो दूर करायला एक क्लॅम्प आणि एक स्क्रू पुरतो.

उलट बाजूचा घोळही तितकाच सर्रास होतो. पाइप सिंकच्या ट्रॅपला जोडताना आधी वर ओट्याच्या तळापर्यंत न्यायचा आणि मग खाली उतरवायचा असतो. ती कमान नसेल तर सिंक तुंबल्यावर डाळीचं धुवण डिशवॉशरच्या पोटात उतरतं. मशीन लावलेलंच नाही आणि आत तांदळाचं पांढुरकं पाणी दिसतंय, असं झालं तर डिशवॉशरला हात लावू नका. सिंकखालचा बॉटल ट्रॅप उघडा, तिथे तेलाचा मेणचट गोळा बसलेला असेल.

नव्या घरातला एक प्रकार तर ऐकून चीड येते. सिंकच्या नव्या ट्रॅपला डिशवॉशरसाठी जी तोटी असते, ती पुष्कळदा आतून प्लॅस्टिकच्या पडद्याने बंद असते. जोडणाऱ्याने तो पडदा कापायचा असतो. तो न कापताच वर पाइप चढवतात, क्लॅम्प आवळतात, सही घेतात आणि निघून जातात. पहिल्याच दिवशी यंत्र पाणी भरतं आणि अडतं. नवं कोरं मशीन सदोष ठरतं, बदलून मागितलं जातं. बॉश आणि सीमेन्सच्या अनेक मशीनवर अशा वेळी ई-२४ हा संकेत येतो. त्याच्या खुलाशात पाइप मुडपला आहे का आणि सायफनची जोडणी बंदच राहिली आहे का, हे पाहायला सांगितलेलं असतं. पंपाचं झाकण नीट बसलं नसेल किंवा पंपात काही अडकलं असेल तर ई-२५. एलजीच्या मशीनवर निचऱ्याच्या तक्रारीला ओई. म्हणजे यंत्र स्वतः बोट दाखवत असतं, ‘बाहेर बघा’ म्हणत असतं. ती पुस्तिका आपण हमीपत्राबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर टाकलेली असते.

दोष यंत्राचा की नळकामाचा, हे ठरवायला एक बादली पुरते. मशीनचा नळ बंद करा. सिंकखालच्या जोडणीतून पाइप सोडवा, त्याचं टोक नेहमीच्याच उंचीवर धरून बादलीत सोडा आणि प्रोग्राम रद्द करा. बहुतेक मशीनमध्ये सुरू करायचं बटण काही सेकंद दाबून धरलं की रद्द होतं आणि पंप लगेच पाणी काढू लागतो. बादलीत जोरात धार पडली तर तुमचा डिशवॉशर ठणठणीत आहे, प्लंबरला बोलवा. धार बारीक असेल किंवा नुसता घुर्र आवाज येत असेल तरच पंपाकडे वळा.

पंपाकडे जायचं तर पुन्हा वीज बंद. खळग्यातलं पाणी स्पंजने टिपून घ्या. अनेक युरोपीय मशीनमध्ये जाळीच्या खोबणीत बाजूला प्लॅस्टिकचं छोटं झाकण दिसतं, ते चमच्याच्या टोकाने उचकटायचं, खुद्द कंपन्यांच्या पुस्तिकेतच तसं लिहिलेलं आहे. त्याच्या आत पाणी ढकलणारा पंखा. बोट घालण्याआधी टॉर्चने पाहा, कारण तिथे सर्वांत जास्त सापडते ती फुटलेल्या पेल्याची काच. काटा असेल, टूथपिक असेल, चिमट्याने काढा. मग पंखा बोटाने फिरवा. तो सुळकन फिरत नाही, अडखळत, टप्प्याटप्प्याने फिरतो. आत कायमचं चुंबक असतं, त्यामुळे त्याने तसंच फिरायचं असतं. हे माहीत नसलेल्या माणसाला ‘बघा, जाम झालाय’ म्हणून नवा पंप विकणं फार सोपं जातं, आणि चांगले पंप याच एका वाक्यावर भंगारात जातात. पंखा अजिबात हलत नसेल, पाती तुटली असतील किंवा दांड्यावर लटलट हलत असेल, तर बदला, जरूर बदला.

मशीन बंद असतानाही पंप सारखा चालू राहत असेल तर गोष्ट वेगळी. तळाच्या ट्रेमध्ये पाणी गळून साचलंय आणि पूर रोखणारा तरंगता खटका वर उचलला गेलाय. तिथे जाळी घासून उपयोग नाही. नळ बंद करून माणूस बोलवा.

अडलेल्या मशीनमध्ये ड्रेन क्लीनर ओतणाऱ्यांना हात जोडून विनंती आहे, असं करू नका. ते पाणी बाहेर गेलंच नाही तर कॉस्टिक तिथेच राहतं आणि पंप उघडणाऱ्या माणसाचा हात त्यात जातो. त्याला तुम्ही सांगितलेलंही नसतं. भांडी घासायचं द्रव साबणही मशीनमध्ये नको. फेस झाला की पंपाला पाण्याऐवजी हवा मिळते आणि तो नुसता घरघरतो. पाइपात साचलेल्या तुपा-तेलासाठी सर्वांत गरम प्रोग्राम, ६५ ते ७० अंशांचा, महिन्यातून एकदा रिकामा चालवणं पुरेसं आहे. सदैव इको प्रोग्रामवर चालणाऱ्या घरांना तर ते हवंच.

हे सगळं दुकानदाराने आणि कंपनीने सांगायला हवं होतं. युरोपीय संघात मार्च २०२१पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे डिशवॉशरच्या निचऱ्याच्या जाळ्या, सील आणि फवाऱ्याचे हात सामान्य ग्राहकालाही किमान १० वर्षं मिळायला हवेत आणि निचऱ्याचा पंप दुरुस्ती करणाऱ्यांना किमान ७ वर्षं. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टलही काढलं. चांगलं झालं. पण फाटलेली जाळी बदलायला गेलं की अजून ‘पूर्ण असेंब्ली घ्यावी लागेल’ हेच उत्तर मिळतं. सुटी जाळी, सुटं झाकण, सुटा पंखा काउंटरवर छापील किमतीला मिळाला पाहिजे आणि मशीन बसवायला आलेल्या माणसाने जाळी काढून, धुऊन, परत बसवून दाखवल्याशिवाय ग्राहकाने त्याच्या कागदावर सही करू नये.

आणि पंप बदलायची वेळ आलीच, तर जुना पंप तुमच्यासमोर उघडायला सांगा, पंखा स्वतः फिरवून पाहा, आणि तो जुना पंप घरीच ठेवून घ्या.