पायांच्या शिरा फुगवा : नवशिक्यांसाठी 6 पायऱ्या

अंबड एमआयडीसीत लाइनवर नव्याने लागलेल्यांसाठी ही मार्गदर्शिका. जुन्या कामगारांच्या पोटरीवर दिसतात तशा निळ्या, गाठाळ शिरा एका पाळीत कमावता येत नाहीत. चिकाटी लागते.

1. तळवा तपासा. ओलं पाऊल शहाबादी फरशीवर ठेवा. मधली आतली बाजू कोरडी राहिली तर कमान आहे. अख्खा तळवा उमटला तर सपाट. काहीही उमटो, पुढचा सगळा दोष आईबापांनी दिलेल्या पायांना द्या. ड्युटीवर आळ येता कामा नये.

2. पंप ओळखा, म्हणजे बंद पाडता येईल. तळव्यात शिरांचं जाळं असतं. पाऊल टेकलं की कमान किंचित दबते, शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर चढतं. पुढचं काम पोटरीचं. चढलेलं रक्त झडपा खाली येऊ देत नाहीत. शरीररचनाशास्त्रज्ञ फॅब्रिशियसने त्यांची चित्रं 1603 मध्येच छापली होती. कमान फार सपाट किंवा फार उंच असली तर तळव्याचा हा पंप कमी पडतो, असं काही अभ्यासक मानतात. पण कमान कितीही सुबक असो, उभ्या उभ्या पंप चालत नाही.

3. म्हणून हलू नका. निश्चल उभं राहिलं की पावलातल्या शिरेतला दाब पाऱ्याच्या 80-90 मिलिमीटरपर्यंत जातो. चालू लागलं की 30 च्या आसपास उतरतो. पाणी प्यायला जाणंसुद्धा जोखमीचं.

4. बूट. स्टोअरमध्ये आठ नंबरचे सेफ्टी शूज संपले असतील तर सात नंबर घ्या. बोटं हलली नाहीत म्हणजे माप बरोबर.

5. प्रगती मोजा. संध्याकाळी मोज्याचा खोल वळ, रात्री पोटरीत गोळा : उत्तम सुरुवात. घोट्याजवळची कातडी काळवंडून खाजू लागली की तुम्ही तरबेज. डॉक्टर आता नकोतच, बाम चोळा. भरून न येणारी जखम ही वरची परीक्षा.

6. कुसंगत टाळा. काही जण मशीनपाशी टाचा वर-खाली करतात, घरी पाय उशीवर घेऊन पडतात. त्यांच्यापासून लांब राहा. सर्वांत घातक वस्तू म्हणजे स्टूल. उभ्याने काम करणाऱ्यांना फुरसत मिळेल तेव्हा टेकता यावं, अशी सोय 1948 च्या कारखाने कायद्याने कलम 44 मध्ये सांगून ठेवली होती. खात्यात असं स्टूल आढळल्यास त्यावर ताबडतोब सुपरवायझरचं हेल्मेट ठेवा. मग कुणी बसत नाही.