चीर नसेल तर सावध

जुनी गिटार पारखायची जगन्मान्य रीत अशी. मधल्या गोल भोकातून आरसा आणि टॉर्च आत घालायचा. मार्टिन कंपनीची असेल तर आतल्या ठोकळ्यावर 1898 पासून चालत आलेला अनुक्रमांक शोधायचा. गिबसन असेल तर डोक्यावर घोषवाक्याची फीत आहे का ते बघायचं. ती असेल तर गिटार महायुद्धातली, 1942 ते 45 मधली. मग अतिनील दिव्याखाली धरायची, जुनं लॅकर पिवळट-हिरवं उजळतं. शेवटी भोकाला नाक लावायचं, कारण ब्राझिली शिसवी लाकडाला गोडसर वास असतो. हे सगळं मी मन लावून करतो. बायको म्हणते, ‘‘मला बघायला आलात तेव्हा एवढी चौकशी नव्हती केली!’’

अडचण एकच. ही विद्या नागपुरात चालत नाही.

चिरा, लॅकरची जाळी, फुगलेलं पोट, कडेने बोटांना टोचणारी फ्रेटची टोकं, या सगळ्या म्हातारपणाच्या खुणा. मार्टिनच्या पेनसिल्व्हेनियात त्या उमटायला पिढी जात असेल. आमच्याकडे एक मे महिना पुरतो. गिटारीला पंचेचाळीस ते पंचावन्न टक्के आर्द्रता मानवते. इथे पारा 45 च्या पुढे आणि दुपारच्या हवेत ओलावा नावालाही नाही. संध्याकाळी कूलर लावला, की वाळ्याच्या ताट्यांतून त्याच खोलीत श्रावण सुरू. लाकूड दिवसा आकसतं, रात्री फुगतं आणि एके दिवशी ‘टक्’ करून मोकळं होतं.

इतवारीत एका भंगारवाल्याने मला तडकलेली गिटार दाखवली. ‘‘शंभर वर्षं जुनी हाय, काका. पाहून घ्या!’’ ठेवली कुठे होती, विचारलं. ‘‘पत्र्याखाली. दोन उन्हाळे झाले.’’ डोक्यावर नाव होतं गिवसन. ही कोलकात्याची, गरिबाघरच्या पोरांना पहिला कॉर्ड शिकवणारी गुणी गिटार. देवनागरीत ब आणि व यांच्यात पोटातल्या एका रेघेचं अंतर, किमतीत लाखांचं.

लाकडाची तऱ्हा आणखी निराळी. ब्राझिली शिसव मिळेनासा झाल्यावर 1969 च्या सुमारास मार्टिनने भारतीय शिसव वापरायला घेतला. त्याआधीच्या गिटारींसाठी जगभरचे संग्राहक झुरतात. मला मात्र अभिमानच वाटला. त्या भरात सासरच्या शिसवी पलंगाला मी नाक लावून पाहिलं. तेव्हापासून सासूबाई माझ्याशी जरा जपूनच बोलतात.

शेवटी मी स्वतःची नागपुरी कसोटी बसवली. चिरेला भुलायचं नाही; पण चीर नसेल तर सावध व्हायचं.

परवा सदरमधला एक पोरगा गिटार घेऊन आला. पोट सपाट, लॅकर आरशासारखं.

‘‘आजोबाची हाय, काका. रेल्वेत गार्ड होते. इथल्याच अजनीच्या क्वार्टरात पन्नास वर्षं भिंतीले टांगली होती.’’

मी आरसा, टॉर्च, नाक, सगळं लावलं. चीर औषधालाही नाही.

‘‘आजोबा अजनीचेच ना?’’

‘‘हो ना.’’

‘‘मग गिटार आजोबांची नाही.’’

पोरगा हुशार. क्षणभर थांबून म्हणाला, ‘‘मंग भुसावळची म्हणू काय?’’

‘‘तिथे तर इथल्यासारखाच उन्हाळा भाजतो, बाप्पा. आजोबांची बदली इगतपुरीला करून आण, मग भावाचं बोलू!’’